थांबविणें आणि संपविणें

आमच्या शाळेच्या संगणक-खोलींत घडलेल्या एका लहानशा प्रसंगापासून आरंभ करणें बरें. नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी लिनक्स या प्रणालीवर, काळ्या पडद्याच्या खिडकींत, ‘व्ही-आय’ नांवाच्या लेखन-साधनांत आपला निबंध लिहीत बसली होती. बराच वेळ खपून तिनें पानभर मजकूर तयार केला होता. एक ओळ चुकीची पडली म्हणून तिनें संवयीनें ‘कंट्रोल’ व ‘झेड’ या दोन कळा एकदम दाबल्या. ज्या लेखन-साधनांची तिला पूर्वींची ओळख होती, त्यांत या दोन कळांनीं शेवटची चूक मागें घेतां येते. येथें मात्र चूक मागें गेली नाहीं. सबंध निबंधच पडद्यावरून नाहींसा झाला, आणि त्याच्या जागीं एक त्रोटक ओळ व एक लुकलुकणारी खूण तेवढी उरली. मुलीच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. “गेलें सारें! आतां खिडकी बंद कर आणि पुन्हां पहिल्यापासून लिही,” असा सल्ला शेजारच्या मुलानें दिला. तो सल्ला तिनें ऐकला असता तर जतन न केलेला तिचा मजकूर खरोखरच धोक्यांत आला असता. सुदैवानें आम्ही जवळ होतों. ‘एफ’ व ‘जी’ हीं दोन अक्षरें टंकून ‘एंटर’ची कळ दाब, असें आम्हीं तिला सांगितलें. तत्क्षणीं निबंध जेथें होता तेथें, ज्या अक्षरावर तिचा हात थांबला होता त्याच अक्षरावर, जसाच्या तसा परत आला.

प्रसंग लहान खरा. परंतु त्यांत समजुतीची एक मोठी चूक दडलेली आहे, आणि ती एकट्या त्या मुलीची नव्हे. जें डोळ्यांपुढून दूर झालें तें नष्ट झालें, जें थांबलें तें संपलें, असें मानण्याची आपणां सर्वांस घाई असते. संगणकाच्या आज्ञा-पडद्यावर थांबविणें आणि संपविणें या दोन अगदीं निराळ्या क्रिया आहेत. त्यांच्या कळा निराळ्या आहेत व परिणामही निराळे आहेत. हा भेद प्रत्येक विद्यार्थ्यास आठवीपासूनच, स्वतःच्या हातानें करावयास लावून, शिकविला पाहिजे असें आमचें स्पष्ट मत आहे. तें कां, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

ज्या काळ्या खिडकींत आपण अक्षरांनीं आज्ञा लिहितों, तिच्या मागें ‘शेल’ नांवाचा एक कार्यक्रम बसलेला असतो. शेल म्हणजे कवच. संगणकाचा गाभा आंत आणि आपण बाहेर. या दोहोंमधला हा दुभाष्या. आपण आज्ञा दिली कीं तो ती समजून घेतो, गाभ्याकडून काम सुरू करवितो, आणि तें काम पुरें होईपर्यंत स्वस्थ वाट पाहत बसतो. काम क्षणांत संपणारें असेल तर कांहींच अडचण नाहीं. परंतु स्नेहसंमेलनाचीं हजारभर छायाचित्रें एका जागेवरून दुसऱ्या जागीं न्यावयाचीं असलीं, तर तेवढा वेळ शेल दुसरी आज्ञा ऐकावयास मोकळा नसतो. अशा वेळीं विद्यार्थी दोनच गोष्टी करतांना आम्ही पाहतों. एक तर हाताची घडी घालून बसतात. नाहीं तर कंटाळून ‘कंट्रोल’ व ‘सी’ या कळा दाबून काम मोडून टाकतात. तिसरी वाट आहे हें त्यांच्या गांवींही नसतें.

ही तिसरी वाट आमच्या घरांतील प्रत्येक माउलीस फार दिवसांपासून ठाऊक आहे. मातीची चूल ज्यांनीं पाहिली आहे त्यांस तिच्या अंगची वैलही आठवेल. चुलीवर तवा असतो, हातांत भाकरी असते, आणि सारें लक्ष तिकडे असतें. वैलावर वरणाचें भांडें असतें. तेंही शिजत असतें, परंतु त्याच्याकडे टक लावून बसावें लागत नाहीं. आणि जें भांडें चूल व वैल या दोन्हींवरून उतरवून, झाकण घालून बाजूस ठेवलें आहे, तें शिजत नाहीं. पण तें कोणीं उकिरड्यावरही टाकलेलें नसतें. पुन्हां विस्तवावर चढविलें कीं तें जेथवर शिजलें होतें तेथून पुढें शिजूं लागतें. संगणकावरील कामाच्याही याच तीन अवस्था आहेत: पुढ्यांत चालणारें, पाठीमागें चालणारें, आणि थांबलेलें. घरांतील बाई तिन्ही भांड्यांचा हिशेब मनांत ठेवते. विद्यार्थ्यानेंही तो ठेवावयास शिकावें.

आतां प्रत्यक्ष कळांविषयीं. पुढ्यांत चाललेलें काम थांबवावयाचें असेल तर ‘कंट्रोल’ची कळ दाबून धरून ‘झेड’ दाबावा. गाभा त्या कामास थांबण्याचा संकेत पाठवितो. काम थबकतें, शेल मोकळा होतो, आणि ‘स्टॉप्ड’ या शब्दासह कामाचा क्रमांक पडद्यावर उमटतो. आमच्या विद्यार्थिनीनें जी त्रोटक ओळ पाहिली व न वाचतां भ्याली, ती हीच होय. तिच्यांत निबंध गेल्याचें नव्हे, तर निबंध थांबल्याचें वर्तमान होतें! यानंतर ‘बी’ व ‘जी’ हीं अक्षरें लिहून आज्ञा दिली तर थांबलेलें काम वैलावर चढतें, म्हणजे पाठीमागें चालूं लागतें, आणि आपण पुढ्यांत दुसरें काम घेऊं शकतों. ‘एफ’ व ‘जी’ लिहिलें तर तें पुन्हां चुलीवर, म्हणजे आपल्या पुढ्यांत येतें. ‘जॉब्ज’ असें लिहिलें तर कोणकोणतीं कामें थांबलीं आहेत व कोणतीं पाठीमागें चालूं आहेत, त्यांची क्रमवार यादी मिळते. यादींतील दुसरें काम पुढें आणावयाचें असल्यास ‘एफजी’पुढें टक्क्याचें चिन्ह देऊन दोनचा आंकडा लिहावा. आणि एखादें काम लांबणार हें आधींच माहीत असेल, तर आज्ञेच्या शेवटीं ‘अँपरसँड’चें चिन्ह द्यावें, तें काम आरंभापासूनच वैलावर बसतें. इतकेंच काय तें शास्त्र. पाढे पाठ करण्याहून हें अधिक कठीण नाहीं.

ज्या विद्यार्थ्यास याहून थोडें खोल जावयाचें असेल त्यानें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ‘कंट्रोल-झेड’नें जाणारा संकेत हा विनंतीच्या स्वरूपाचा आहे. तो मिळाल्यावर सुजाण कार्यक्रम आपला पसारा आवरतो व मग थांबतो. ‘व्ही-आय’ पडदा पूर्वींसारखा करून देतो तो याचमुळें. याहून कडक असा दुसराही एक संकेत आहे. तो कोणत्याही कार्यक्रमास नाकारतां येत नाहीं. थांबलेलें काम गणनयंत्राचा वेळ खात नाहीं. परंतु त्यानें व्यापलेली स्मृतीची जागा, त्यानें उघडलेल्या फायली, त्याची चालूं ओळ, हें सारें त्याच्या नांवावर तसेंच राहतें. आमच्या जिल्ह्यांतून मुंबई–हावडा लोहमार्ग जातो. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव या स्थानकांपैकीं कोठेंही मालगाडी बाजूच्या मार्गावर घेऊन उभी केलेली विद्यार्थ्यांनीं पाहिली असेल. मेल पुढें निघून जाते तोंवर मालगाडी उभी असते. तिच्यांतला माल कोणी उतरवीत नाहीं, तिचे डबे कोणी सोडीत नाहीं. संकेत मिळाला कीं ती त्याच जागेवरून, त्याच मालासह पुढें निघते. थांबलेलें काम म्हणजे ही बाजूस घेतलेली मालगाडी. ‘कंट्रोल-सी’ म्हणजे मात्र गाडीचा प्रवासच तेथें समाप्त करणें होय.

ही सोय संगणकास जन्मतःच मिळालेली नव्हती, हेंही सांगण्यासारखें आहे. ज्या प्रणालीच्या धर्तीवर पुढें लिनक्स उभें राहिलें, ती युनिक्स प्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं सुरू केली. त्या काळीं पडदे क्वचित्. तारयंत्रासारख्या खडखडणाऱ्या टंकयंत्रावर आज्ञा लिहावयाच्या व उत्तर कागदावर यावयाचें. जुन्या युनिक्सवर काम आरंभींच पाठीमागें लावतां येत असे. परंतु एकदां पुढ्यांत सुरू केलेल्या कामाविषयीं मध्येंच विचार बदलला तर त्यास थांबवून बाजूस ठेवण्याचा मार्ग नव्हता. पुढें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत बिल जॉय या तरुणानें ‘सी शेल’ तयार केला. त्यांत कामें थांबविण्याची व पुन्हां चालविण्याची योजना प्रथम बसविली ती ऑस्ट्रियांतील लाक्सेनबुर्ग येथील एका संशोधन-संस्थेंत काम करणाऱ्या जिम कल्प यांनीं. ही संस्था १९७२ सालीं अमेरिका व सोव्हिएत रशिया या एकमेकांकडे पाठ फिरविलेल्या राष्ट्रांनीं इतर देशांसह मिळून स्थापन केलेली. १९८० सालीं बर्कलीहून निघालेल्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तींत ही योजना समाविष्ट झाली, व तेथून ती सर्वत्र पसरली. ज्या ‘व्ही-आय’मध्यें आमची विद्यार्थिनी निबंध लिहीत होती, तें साधनही मूळचें याच बिल जॉय यांचें. काम सुरू केल्यावर विचार बदलण्याचा अधिकार माणसास असावा, आणि त्यासाठीं केलेल्या श्रमांचा नाश होऊं नये, एवढीच या योजनेमागील दृष्टि होय.

यावर कांहीं पालक विचारतील, “आज सारा व्यवहार बोटानें पडद्यास स्पर्श करून होतो, मग आमच्या मुलांनीं या काळ्या खिडकींत डोळे कां शिणवावे?” प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतों.

पहिली गोष्ट अशी कीं, ही काळी खिडकी जुनी असली तरी जुनाट नाहीं. जगांतील पहिल्या ५०० महासंगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तिच्यांतील प्रत्येक यंत्र २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवरच चालत आलें आहे. आणि त्या यंत्रांशीं बोलण्याची मुख्य भाषा आज्ञांची आहे. ज्यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा भारताचा महासंगणक उभा केला, ते डॉ. विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्यांत जन्मले. वऱ्हाडाच्या मातींतील मुलास ही विद्या परकी आहे असें म्हणावयास, तेव्हां, जागा नाहीं. आमच्या जिल्ह्यांत शेगांव येथें १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आमच्या मुलांपैकीं कांहीं तेथें जातील. तेथें गेल्यावर ही खिडकी प्रथमच पाहून बुजण्यापेक्षां शाळेंतच तिची ओळख झालेली काय वाईट?

दुसरी गोष्ट अशी कीं, बोटाच्या स्पर्शानें चालणाऱ्या भ्रमणध्वनींतही हाच खेळ चाललेला असतो. फक्त तो आपल्यापासून झांकलेला असतो. अँड्रॉइड या प्रणालीचा गाभा लिनक्सचाच आहे. मुलगा एखादें चित्रफितीचें दृश्य पाहत असतां मामाचा फोन आला, तर दृश्य थांबतें, बोलणें पुढ्यांत येतें, आणि बोलणें संपल्यावर दृश्य पुन्हां जेथल्या तेथें सांपडतें. हें कोणीं केलें, कसें केलें, मागें कोणतीं कामें चालूं आहेत व तीं किती विद्युत् खात आहेत, हें वापरणाऱ्यास दिसत नाहीं. आज्ञा-पडद्यावर तें दिसतें, कारण तेथें थांबविणारे आपण, चालविणारे आपण, आणि यादी मागणारेही आपणच असतों. यंत्र वापरणें आणि यंत्र समजणें यांत जें अंतर आहे तें हेंच. आमचीं मुलें केवळ वापरणारीं न होतां समजणारीं व्हावीं असें ज्या पालकांस वाटत असेल, त्यांनीं या काळ्या खिडकीस भिऊं नये.

तिसरी गोष्ट खर्चाची. लिनक्स विनामूल्य मिळतें, व जुन्या, मंद यंत्रावरही चालतें. मुंबईच्या आय.आय.टी. संस्थेंत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानें चाललेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठींतून ऐकावयास व पाहावयास मिळतात, आणि त्यांस मूल्य पडत नाहीं. ज्या घरीं संगणक नाहीं, पण अँड्रॉइडचा भ्रमणध्वनि आहे, तेथें ‘टर्मक्स’ नांवाचें साधन घेतल्यास त्याच लहान पडद्यावर शेल उघडतो, व त्यांत ‘कंट्रोल’ची कळही मिळते. शाळेच्या संगणक-खोलींत आठवड्यास एक तास मिळणाऱ्या मुलास घरीं सराव करण्यास एवढें पुरेसें आहे.

आतां या सोयीच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. नाहीं तर अर्धवट ज्ञानानें हानि व्हावयाची. पहिली मर्यादा ही कीं, थांबविणें म्हणजे जतन करणें नव्हे. थांबलेलें काम यंत्राच्या चालत्या स्मृतींत असतें, तबकडींत नव्हे. वीज गेली कीं तें गेलें; आणि वीज जाणें म्हणजे काय हें आमच्या जिल्ह्यांतील मुलांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. म्हणून आधीं जतन करावें, मग थांबवावें. दुसरी मर्यादा अशी कीं, पाठीमागें चालणारें काम मध्येंच आपल्यास कांहीं प्रश्न विचारूं लागलें, तर तें तेथेंच थबकतें; त्यास पुढ्यांत आणून उत्तर दिल्यावांचून तें पुढें सरकत नाहीं. वैलावरच्या वरणांतही मीठ घालावयास हात न्यावाच लागतो. तिसरी अशी कीं, थांबलेलीं कामें जागा अडवितात. एकामागून एक दहा कामें थांबवून विसरणाऱ्या विद्यार्थ्याचें यंत्र शेवटीं रखडूं लागतें, व तो यंत्रास दोष देतो.

चौथी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. खिडकीच बंद केली तर शेल आपल्या सर्व कामांस एक निराळा संकेत धाडतो. त्याचें इंग्रजी नांव ‘हँग-अप’, म्हणजे दूरध्वनि खालीं ठेवणें असें आहे. कारण पूर्वीं दूरचीं टंकयंत्रें दूरध्वनीच्या तारेनें जोडलेलीं असत, व तार तुटली कीं पलीकडचें काम बंद पडत असे. तार गेली, नांव राहिलें. हा संकेत मिळाल्यावर, विशेष तजवीज केलेली नसेल तर, कामें संपतात. परंतु शेलचा एक गुण आम्हांस फार आवडतो. आपण ‘एक्झिट’ लिहून रीतसर निघूं लागलों, आणि कांहीं कामें थांबलेलीं राहिलीं असलीं, तर तो पहिल्या खेपेस आपणांस जाऊं देत नाहीं. थांबलेलीं कामें शिल्लक आहेत, असें तो बजावतो. दुसऱ्यांदा हट्टानें निघालों तरच दार उघडतो. मग मात्र त्या कामांची जबाबदारी त्याच्यावर नाहीं. यंत्रानें माणसास इतक्या सौजन्यानें सावध करावें, हें विचार करण्यासारखें आहे.

आणि येथेंच आम्हांस जें सांगावयाचें आहे त्याचा दुसरा भाग सुरू होतो. तो विशेषतः पालकांसाठीं आणि आम्हां शिक्षकांसाठीं आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या वर्गांतील कांहीं जागा रिकाम्या दिसूं लागतात. कापसाचा पहिला वेचा आला, मग दुसरा आला. घरांत माणसें थोडीं. मुलीस शेतावर नेलें. कोणाचे वडील आजारी पडले, कोणाच्या घरीं लहान भावंडास सांभाळावयास दुसरें कोणी नव्हतें. पोटाची निकड काय असते हें आम्ही जाणतों, व अशा पालकांस दोष देण्यास आमची जीभ उचलत नाहीं. काम थांबवावें लागतें, हें मान्य. आमची तक्रार एवढीच आहे कीं, ज्या ठिकाणीं थांबविणें पुरेसें होतें त्या ठिकाणीं आपण संपवून टाकतों. दोन महिन्यांची अडचण, आणि पालक येऊन म्हणतात, “गुरुजी, पोरीचा दाखला काढून द्या.” दाखला निघाला, पुस्तकें रद्दींत गेलीं, गणवेश धाकटीस झाला, दोन महिन्यांनीं अडचण सरते, परंतु परत यावयास जागाच उरत नाहीं. ही ‘कंट्रोल-सी’ झाली. आम्ही शिक्षकही या दोषापासून मुक्त नाहीं. चार आठवडे न दिसलेल्या मुलाविषयीं “तो आतां कसला येतो!” असें आम्ही सहज बोलून जातों, आणि आमच्या मनाच्या यादींतून त्याचें नांव खोडलें जातें. ‘जॉब्ज’ची आज्ञा द्यावयासच आम्ही विसरतों.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलाचें शिक्षण थांबविण्याची वेळ आलीच, तर आधीं तीन अवस्था आठवाव्या. चुलीवर ठेवणें शक्य नसेल तर वैलावर ठेवतां येईल काय? दिवसा शेत, आणि रात्रीं जेवणानंतर एक धडा व चार गणितें, इतकें जरी चालूं राहिलें तरी काम थांबलें असें होत नाहीं. तेंही शक्य नसेल तर झाकण घालून बाजूस ठेवावें, पण सांडून टाकूं नये. दाखला काढण्याची घाई करूं नये. वर्गशिक्षकांस कारण व परत येण्याचा अंदाज सांगून ठेवावा. पुस्तकें घरांत दिसतील अशा जागीं असूं द्यावीं.

परत आणण्याची वाट कायद्यानेंही ठेविलेली आहे. २००९ च्या व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या बालकांच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यांतील चौथें कलम, शाळेंत कधींच न गेलेल्या अथवा मध्येंच सुटलेल्या मुलास त्याच्या वयास योग्य अशा वर्गांत घेण्याविषयीं आहे. आणि मागें पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठीं त्यास विशेष शिक्षण मिळण्याचा हक्कही त्यांत सांगितला आहे. जीं मुलें त्या वयाच्या पुढें गेलीं, त्यांच्यासाठीं आपल्या राज्याच्या परीक्षा मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. तो भरून शाळा सुटलेल्या मुलामुलींस बाहेरून दहावीच्या व बारावीच्या परीक्षेस बसतां येतें. हा फॉर्म म्हणजे ‘एफजी’ची आज्ञाच होय. ती ठाऊक नसल्यामुळें कितीजणींनीं, आमच्या विद्यार्थिनीप्रमाणें, जें नुसतें थांबलें होतें तें गेलें म्हणून डोळे पुसले असतील!

या उपमेसही मर्यादा आहे, ती लपवून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. यंत्रांतील थांबलेलें काम चार दिवसांनीं परत आणलें तरी ज्या अक्षरावर थांबलें त्याच अक्षरावरून पुढें चालतें. मूल तसें नसतें. तें चार महिन्यांत त्रैराशिक विसरतें, त्याचे सोबती पुढें गेलेले असतात, आणि वर्गाच्या दारांत उभें राहतांना त्यास संकोच वाटतो. त्यास नुसतें परत बोलावून भागत नाहीं. त्याच्याजवळ बसावें लागतें, मागचें पुन्हां समजावून द्यावें लागतें, आणि वर्गानें त्यास हंसूं नये याची काळजी घ्यावी लागते. यंत्रापुढें माणसाचें काम येथें सुरू होतें, आणि तें कोणत्याही कळेनें होण्यासारखें नाहीं.

विद्यार्थ्यांसही शेवटीं दोन शब्द सांगावयाचे आहेत. आम्हीं वर केलेल्या रदबदलीचा उपयोग आळसाच्या समर्थनासाठीं कोणी करूं नये. अर्धी सोडलेली वही, दोन पानें लिहिलेली रोजनिशी, आरंभ करून टाकलेली संवादिनी, हीं सारीं ‘थांबविलेलीं’ आहेत असें म्हणणें सोपें आहे. परंतु थांबविलेल्या कामाचें लक्षण हें कीं तें यादींत असतें व परत बोलाविलें जातें. जें यादींतही नाहीं आणि ज्यास कोणी परत बोलावीत नाहीं, तें थांबलेलें नव्हे, टाकलेलें होय. म्हणून वर्ष संपतांना, हें वार्षिक हातीं पडेल त्या दिवशीं, प्रत्येकानें एका कोऱ्या कागदावर आपल्या थांबलेल्या कामांची यादी करावी. जीं खरोखर संपवावयाचीं असतील तीं निर्धारानें संपवावीं, म्हणजे मनांतली जागा मोकळी होईल. जीं वैलावर चालण्यासारखीं असतील तीं वैलावर चढवावीं. आणि एक, फक्त एक, पुढ्यांत घ्यावें.

ज्या मुलीच्या निबंधापासून आम्हीं आरंभ केला, तिनें त्या दिवशीं घरीं जाण्यापूर्वीं काय केलें हें सांगून लेख पुरा करतों. तिनें निबंध जतन केला, खिडकी बंद करण्याआधीं आपण होऊन ‘जॉब्ज’ असें लिहिलें, यादी रिकामी असल्याची खात्री करून घेतली, आणि मगच ती उठली. शेजारच्या ज्या मुलानें तिला “गेलें सारें” म्हणून सांगितलें होतें, त्यासही तिनें जातां जातां तीं दोन अक्षरें शिकविलीं. आमच्या मतें त्या दिवसाचा पाठ दोघांसही पुरता समजला होता.